देवदूतांचे बेट

बेट आणि तोफ यांचे नाते मराठी माणसाला नवे नाही. जंजिरा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग ही नावे ज्याने लहानपणी घोकली, त्याला समुद्रात कोठेही जमिनीचा तुकडा दिसला की पहिला प्रश्न सुचतो तो हा, की येथे ठाणे कोणाचे होते आणि पहारा कोणावर होता? मी बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. नोकरी सुटली, पण ही खोड सुटली नाही. मुलाकडे कॅलिफोर्नियात चार महिने राहण्याचा योग आला, आणि सूनबाईंनी "बाबा, तुम्हाला काय काय पाहायचे आहे?" असे विचारले, तेव्हा मी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एका बेटाचे नाव सांगितले.

एंजल आयलंड हे त्याचे नाव. आपल्या भाषेत देवदूतांचे बेट. सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे आपले लोक गोल्डन गेटचा पूल पाहतात, अल्काट्राझचा तुरुंग पाहतात आणि परततात. अल्काट्राझ म्हणजे एक बोडका खडक. त्याच्या उत्तरेला हिरव्या डोंगरासारखे जे पाण्यातून वर आलेले दिसते, ते हे बेट. क्षेत्रफळ सुमारे ७४० एकर आणि मधल्या शिखराची उंची ७८८ फूट. आज ते राज्य सरकारचे उद्यान आहे. लोक डबे बांधून जातात, सायकली फिरवतात, हरणे पाहतात आणि संध्याकाळच्या बोटीने घरी येतात. पण डब्याबरोबर थोडी जिज्ञासाही बांधून नेली, तर या बेटाच्या एका प्रदक्षिणेत अडीचशे वर्षांचा इतिहास पायाखालून जातो, आणि त्यातला एक तुकडा आपलाही निघतो.

समोरच्या टिबुरॉन गावाच्या धक्क्यावरून लाँच सुटते. आम्ही पाच जण होतो : मी, आमची मंडळी, मुलगा, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू. मधली सामुद्रधुनी चिंचोळी. दहा-पंधरा मिनिटांत बोट आयाला कोव्ह नावाच्या लहानशा खाडीत लागते. घारापुरीला जाणारी लाँच आठवावी असाच थाट, फक्त वारा असा गार, की मे महिन्यातही आमच्या मंडळींनी शालीवर शाल घेतली.

या खाडीला ज्याचे नाव आहे तो हुआन मानुएल दे आयाला हा स्पॅनिश आरमारातला अधिकारी. १७७५ च्या ऑगस्टात 'सान कार्लोस' नावाचे जहाज घेऊन तो गोल्डन गेटमधून आत शिरला. या उपसागरात आलेले हे पहिले युरोपीय जहाज. त्याने येथे नांगर टाकला, उपसागराचे मोजमाप करवून घेतले आणि बेटाला देवदूतांचे नाव दिले. इकडे राघोबादादांनी सुरतेचा तह करून इंग्रजांना घरात घेतले, तेच हे साल. बेट काही ओसाड नव्हते. मिवोक लोक हजारो वर्षे होड्यांतून येथे येत. मासे, शिंपले, हरणे आणि ओकची फळे यांवर त्यांचा चरितार्थ चाले. देवदूतांचे नाव मिळाले आणि बेटाची माणसे मात्र हळूहळू नाहीशी झाली. पुढे मेक्सिकोच्या अमलात येथे गुरे चरू लागली आणि १८५० साली, कॅलिफोर्निया अमेरिकेच्या हाती आल्यावर, बेट लष्करासाठी राखून ठेवण्यात आले.

आयाला कोव्हच्या हिरवळीवर आज मुले चेंडू खेळतात. या जागेचे जुने नाव मात्र हॉस्पिटल कोव्ह. १८९१ साली येथे सरकारी क्वारंटीन उघडले. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजावर देवीचा, पटकीचा वा प्लेगचा संशय आला, की उतारू येथे उतरवायचे, त्यांचे कपडे वाफेच्या प्रचंड नळकांड्यांत घालून निर्जंतुक करायचे, जहाज धुरी देऊन साफ करायचे आणि माणसांना दिवस मोजत बसवायचे, असा रिवाज होता. त्या वसाहतीच्या चाळीसएक इमारतींपैकी आता थोड्याच उभ्या आहेत. एकीत माहितीकेंद्र आहे.

तेथे एक नाव वाचले आणि मी थबकलो. डॉक्टर जोसेफ किन्यून. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातला हा मोठा माणूस. १८८७ साली त्याने काढलेल्या लहानशा प्रयोगशाळेतूनच पुढे त्या देशाच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्था वाढल्या. १८९९ पासून १९०१ पर्यंत तो या क्वारंटीनचा प्रमुख होता. १९०० च्या मार्च महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत एक मनुष्य मेलेला सापडला. त्याच्या गाठीचा अंश या बेटावर किन्यूनकडे आला. त्याने तो उंदीर, गिनीपिग आणि माकड यांना टोचला. थोड्याच दिवसांत जनावरे मेली आणि प्लेगचे निदान पक्के झाले.

हा तोच प्लेग. १८९४ साली हाँगकाँगला, १८९६ साली मुंबईच्या मांडवीला आणि १९०० साली येथे, असा आगबोटींच्या वाटेने तो जग फिरला. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. तीच हाफकिनची लस किन्यूनला चिनी लोकांना सक्तीने टोचायची होती. चिनी वस्तीभोवती दोर बांधून पहारे बसवले, पण त्या दोराच्या रेषेतून गोऱ्यांची घरे आणि दुकाने तेवढी वगळली. लस टोचून घेतल्यावाचून आशियाई माणसाने शहर सोडू नये, असा हुकूम निघाला. चिनी लोक न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी विचारले, की रोगाला जात कळते काय? म्हणजे शब्द वेगळे होते, पण निकालाचा मथितार्थ हाच. केवळ वंश पाहून लावलेला नियम त्यांनी रद्द केला. पुण्याच्या रँडशाहीच्या कथा आजीच्या तोंडून ऐकलेल्या आमच्या मंडळी हे ऐकून एवढेच म्हणाल्या, "म्हणजे इथेही तसेच." किन्यूनचे शास्त्र खरे होते. प्लेग होताच, तो नाकारणारे गव्हर्नर आणि व्यापारी खोटे होते. पण खरे शास्त्रही आंधळ्या पहाऱ्याच्या हाती दिले की लोक शास्त्रावरच रुसतात, हे पुण्याने १८९७ साली पाहिले आणि सॅन फ्रान्सिस्कोने १९०० साली.

तेथून पश्चिमेची वाट धरली. बेटाभोवती सुमारे पाच मैलांचा रस्ता आहे. नातवाला सायकल हवी होती, पण आजीचे गुडघे पाहून सगळ्यांनी चालायचे ठरवले. पश्चिम कड्याखाली कँप रेनॉल्ड्स लागते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले असताना, १८६३ साली, हे ठाणे वसले. दक्षिणेची जहाजे उपसागरात घुसून कॅलिफोर्नियाचे सोने नेतील, अशी तेव्हा धास्ती होती. गेटिसबर्गच्या लढाईत पडलेल्या सेनापतीचे नाव ठाण्याला दिले, तोफा चढवल्या, दारूगोळा भरला. दक्षिणेचे जहाज आलेच नाही. पुढे शतकअखेरीस, स्पेनशी युद्ध जुंपण्याच्या सुमारास, नव्या तोफांसाठी कड्यावर चिरेबंदी बुरूज बांधले. स्पेनचेही जहाज आले नाही. या बेटाच्या तोफांना खऱ्या शत्रूवर डागण्याचा प्रसंग कधीच आला नाही. आज तेथे अधिकाऱ्यांची लाकडी घरे ओळीने उभी आहेत, खाली पाण्याशी विटांचे मोठे कोठार आहे आणि मधल्या कवायतीच्या मैदानात गवत वाऱ्यावर हलते.

या साऱ्या लष्करी थाटात माझ्या मनात भरली ती एक बाई. थोडे दक्षिणेला पॉइंट नॉक्स नावाचे टोक आहे. तेथे धुक्यात जहाजांना सावध करणारी घंटा असे, आणि १९०६ साली ती सांभाळत होती ज्युलिएट निकल्स. पती आरमारात अधिकारी; फिलिपाईन्सच्या मोहिमेवर असताना मनिलास वारला. १९०६ च्या एप्रिलात भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को जळताना तिने याच टोकावरून पाहिले. पुढे २ जुलैला दाट धुके आले आणि घंटेचे यंत्र बंद पडले. जहाज येत असल्याची चाहूल होती. बाईने हातात हातोडा घेतला आणि दर पंधरा सेकंदांनी एक ठोका, या हिशोबाने ती वीस तास पस्तीस मिनिटे घंटा वाजवीत उभी राहिली. धुके निवळले तेव्हाच थांबली. घंटा अजून तेथे आहे. नातवाने मनाशी हिशोब मांडला आणि म्हणाला, "आजोबा, म्हणजे जवळजवळ पाच हजार ठोके!" बेटावरच्या सगळ्या तोफांनी मिळून जेवढी माणसे वाचवली नसतील, तेवढी त्या एका हातोड्याने वाचवली असतील, असे मला वाटून गेले.

दक्षिण बाजूने वळसा घेताना वर शिखर दिसते. १९५४ साली लष्कराने येथे नाईकी क्षेपणास्त्रे आणली. रडारला जागा हवी म्हणून डोंगराचा माथाच छाटून सपाट केला. १९६२ साली क्षेपणास्त्रे जुनी ठरली आणि लष्कर बेट सोडून गेले. बेट विकले जाऊ नये, लोकांना मोकळे मिळावे, म्हणून कॅरोलिन लिव्हरमोर या बाईंनी खटपट केली होती. शिखराला त्यांचेच नाव आहे. आयाला कोव्हचा भाग आधीच उद्यान झाला होता, १९६३ साली जवळजवळ सगळे बेट उद्यानात आले, आणि २००२ साली छाटलेल्या माथ्यावर माती पुन्हा चढवून त्याला जुना आकार देण्यात आला. गंमत अशी, की ही क्षेपणास्त्रेही कोणावर सुटली नाहीत.

पूर्वेच्या किनाऱ्यावर फोर्ट मॅकडॉवेल. येथे मोठमोठ्या काँक्रीटच्या बराकी खिडक्या-दारांवाचून उभ्या आहेत. आतून आभाळ दिसते. फिलिपाईन्सचे युद्ध सुरू झाले तेव्हापासून हे पूर्व अंग गजबजले. पॅसिफिकपलीकडे जाणाऱ्या पलटणी येथे थांबत, परतणारे शिपाई येथे कपडे उतरवून घरी जात. दुसऱ्या महायुद्धात सुमारे तीन लाख शिपाई या ठाण्यातून पूर्वेच्या आघाडीवर गेले. कल्पना करा : कोठल्या तरी खेड्यातला वीस वर्षांचा पोर, आयुष्यात समुद्र प्रथम पाहतो आहे, आणि याच धक्क्यावरून तो आशियाच्या दिशेने निघाला आहे. त्याला कोणी विचारले नाही, की तू कोणाच्या देशात आणि कोणाच्या परवानगीने जातोस.

आणि याच ठाण्यापासून, डोंगराच्या एका सोंडेपलीकडे, पायी थोड्याच अंतरावर, आशियातून आलेल्या माणसाला नेमके हेच विचारले जात होते.

ईशान्येच्या त्या खाडीला चायना कोव्ह म्हणतात. २१ जानेवारी १९१० रोजी तेथे इमिग्रेशन स्टेशन उघडले आणि १९४० पर्यंत चालले. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडची ही पश्चिमेकडची जोडीदारीण, असे सांगण्याची पद्धत आहे. पण बहीण आणि सावत्र बहीण यांत जो फरक, तो या दोघींत होता. एलिस आयलंडवर युरोपातून आलेला माणूस बहुधा काही तासांत मोकळा होई. येथे आशियातून आलेला माणूस दिवस, आठवडे, महिने कोंडलेला राही. काही जण जवळजवळ दोन वर्षे राहिले. तीस वर्षांत सुमारे पाच लाख माणसांची जा-ये या ठाण्याच्या दप्तरी नोंदली गेली. बेट निवडण्याचे कारण उघड होते : पळून जाता येऊ नये आणि शहरातल्या नातलगांशी बोलता येऊ नये.

याच्या मुळाशी एक कायदा होता. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी केली. व्यापारी, विद्यार्थी आणि अमेरिकी नागरिकांची मुले तेवढी वगळली. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मनोंदणीची दप्तरे जळाली. मग अनेक चिनी रहिवाशांनी सांगितले, की आम्ही येथेच जन्मलो, आमचे मुलगे चीनमध्ये आहेत. त्यांतले काही मुलगे खरे, काही केवळ कागदावरचे. सरकारलाही हे ठाऊक. म्हणून खरा मुलगा आणि कागदी मुलगा वेगळा काढण्यासाठी उलटतपासणी चाले. तुझ्या गावात घरांच्या ओळी किती? तिसऱ्या घरात कोण राहते? घराला पायऱ्या किती? विहीर कोणत्या दिशेला? तांदळाची कोठी कोठे ठेवता? हेच प्रश्न मग बापाला. उत्तरे जुळली नाहीत, तर पुढच्या बोटीने परत. लोक घरून उत्तरांच्या वह्या पाठ करून येत आणि धक्का दिसू लागला की वही समुद्रात सोडून देत. स्वयंपाकघरातल्या चिनी नोकरांच्या हातून जेवणात लपवलेल्या चिठ्ठ्या आत जात, असेही घडे.

हे सारे त्या खोलीत उभे राहून वाचताना मी मुलाला सहज विचारले, "आपल्या गावच्या घराला पायऱ्या किती रे?"

"पाच," तो म्हणाला.

"सात," मी म्हणालो.

आमच्या मंडळी म्हणाल्या, "तुम्ही दोघे मागच्या दाराच्या मोजता की पुढच्या?" सगळे हसले. मुलगा हसता हसता थांबला. तोही नोकरीच्या परवान्यावर येथे आला, कचेऱ्यांच्या रांगांत वर्षानुवर्षे उभा राहिला आणि आता येथला नागरिक आहे. "बाबा," तो म्हणाला, "म्हणजे आपण दोघे नापास झालो असतो." खरे बाप-लेक, पण कागदावर खोटे. मला विमानतळावर त्या अधिकाऱ्याने काय विचारले होते? किती दिवस राहणार आणि कोणाकडे उतरणार. एवढेच, आणि वर हसून शिक्का मारला होता.

माणसे जेथे कोंडली जात ती दुमजली लाकडी बराक अजून उभी आहे. आत लोखंडी खांबांना लटकवलेल्या तीन-तीन मजली खाटा. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. नवरा-बायकोलाही भेटता येत नसे. कोंडलेल्या चिनी लोकांनी १९२२ साली आपसांत एक मंडळ काढले. नव्याने आलेल्याला धीर देणे, तक्रारी मांडणे, वेळ घालवायला पुस्तके व संगीत यांची सोय करणे ही त्याची कामे. बाहेरच्यांतही माणुसकी अगदीच आटलेली नव्हती. कॅथरिन मॉरर नावाची मेथॉडिस्ट सेविका १९१२ पासून येथे कपडे, खेळणी आणि इंग्रजीचे धडे घेऊन येत असे. टाय लुंग ही चिनी मुलगी दुभाषी म्हणून येथे नोकरीस होती. तिने तेथल्याच एका गोऱ्या निरीक्षकाशी लग्न केले, आणि दोघांनाही नोकरी सोडावी लागली. कुंपण कैद्यांपुरते नव्हते, ते पहारेकऱ्यांच्याही घरात शिरले होते.

या बराकीच्या भिंतीच या बेटाचे खरे भांडार. कोंडलेल्या माणसांनी त्यांवर कविता लिहिल्या. आधी शाईने, मग सरकारने भिंती रंगवल्या तेव्हा चाकूने कोरून, सरकारने लांबी भरून पुन्हा रंग दिला तेव्हा शेजारच्या फळीवर. जुन्या चिनी वृत्तांत, प्राचीन कथांचे दाखले देऊन, बहुतेक निनावी. कर्ज काढून आलो आणि समुद्र ओलांडून पिंजऱ्यात पडलो; घरी आई वाट पाहते; देश दुबळा म्हणून आमची ही दशा; असा त्यांचा सूर. अशा दोनशेंच्या आसपास कविता आजवर नोंदल्या गेल्या आहेत. बायकांची राहण्याची जागा कचेरीच्या मुख्य इमारतीत होती. १९४० च्या ऑगस्टात ती जळाली. बायकांनी काही लिहिले असेल तर ते गेले, आणि त्या आगीनेच हे ठाणे बंद पडले.

पुढे युद्धात याच बराकीत जपानी व जर्मन युद्धकैदी राहिले. मग सारे ओसाड. इमारत पाडायची ठरली होती. १९७० साली अलेक्झांडर वाईस नावाचा उद्यानाचा रक्षक विजेरी घेऊन आत फिरत असता त्याला रंगाच्या थरांखाली अक्षरांच्या कडा उठून दिसल्या. त्याला चिनी येत नव्हते. पण हे काहीतरी मोलाचे आहे हे कळले. वरच्यांनी मनावर घेतले नाही, तेव्हा त्याने विद्यापीठातले प्राध्यापक जॉर्ज अराकी यांना गाठले. अराकींची आई याच बेटावरून आत आलेली. मग चिनी वस्तीतले लोक उठले, आणि १९७६ साली राज्याच्या विधिमंडळाने बराक वाचवण्यासाठी अडीच लाख डॉलर मंजूर केले. १९८३ साली ती लोकांना खुली झाली. ज्या रंगाने कविता पुसायच्या होत्या, त्याच रंगाने त्या उन्हा-पावसापासून जपल्या!

आता आपल्या तुकड्याकडे वळतो. हिंदुस्थानातून सुमारे आठ हजार माणसे या बेटाच्या दप्तरी आली. बहुतेक पंजाबी शेतकरी, काही विद्यार्थी, थोडे व्यापारी. हिंदी माणसाला बंदी करणारा कायदा १९१७ पर्यंत नव्हता, पण युक्त्या होत्या. पोटात जंत आहेत, हा सरकारवर भार होईल, याच्याविरुद्ध येथले लोक चिडलेले आहेत म्हणून याला काम मिळणार नाही. अशी कारणे दाखवून परत पाठवत. चिनी माणसामागे निदान त्याच्या वस्तीतले वकील आणि संस्था उभ्या राहत. आपल्या माणसामागे कोणी नव्हते. त्याचे सरकार इंग्रजांचे, आणि त्याला हा माणूस अमेरिकेत नकोच होता. म्हणून मोठ्या समूहांत सर्वाधिक परत पाठवले गेले ते आपले लोक.

१९१५ च्या सप्टेंबरात पेशावरचे वैष्णोदास बगाई पत्नी काला आणि तीन मुलगे यांच्यासह आले. इंग्रजांच्या राज्यात मुले वाढवायची नाहीत, म्हणून घरदार सोडून निघालेले. त्यांना या बेटावर ठेवले. पदरी बरीच रक्कम आहे हे दाखवल्यावर काही दिवसांनी सुटका झाली. शहरातल्या एका वृत्तपत्राला मात्र त्यात बातमी दिसली ती काला बगाईंच्या नाकातल्या हिऱ्याची! पुढे बर्कलीत त्यांनी घर घेतले. सामान घेऊन गेले तर शेजाऱ्यांनी दारे बंद करून त्यांना आत जाऊ दिले नाही. तरी वैष्णोदास टिकले, दुकान काढले, १९२१ साली नागरिक झाले. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंड स्वतः पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात शिपाई होते. गणवेश चालला, नागरिकत्व चालले नाही. बगाईंचेही नागरिकत्व गेले, मग मालमत्ता गेली, मायदेशी भेटीला जायचे तर इंग्रजांचे पारपत्र घ्या असे सांगण्यात आले. १९२८ साली त्यांनी जीव दिला. जाताना वृत्तपत्राला पत्र लिहून कारण सांगून गेले.

आणि आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे? हे ठाणे उघडण्यापूर्वीच ते कॅलिफोर्नियात पोचले होते. बेटाच्या उत्तरेला, काही मैलांवर, सॅन रफाएल गाव आहे. तेथल्या लष्करी शाळेत या वैदर्भी तरुणाने कवायत आणि युद्धशास्त्र शिकून घेतले. कशासाठी, ते सांगायला नकोच. पुढे ते गदर चळवळीच्या उभारणीत पडले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी 'गदर' पत्राचा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. तळेगाव ढमढेऱ्यांचे विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेतले शिक्षण टाकून याच चळवळीसाठी परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फासावर गेले. खानखोजे मेक्सिकोत गेले आणि तेथे शेतीशास्त्राचे नामांकित प्राध्यापक झाले. हे सारे वाचताना वाटते, या बेटाच्या कुंपणाने माणसे अडवली, पण अपमान काही अडला नाही. तो आगबोटीत बसून परत आला आणि त्याचे स्वातंत्र्याच्या चळवळीत बारूद झाले.

चिनी बंदी १९४३ साली उठली. १९४६ साली हिंदी माणसाला नागरिकत्व खुले झाले आणि वर्षाला शंभर जणांना प्रवेश मिळू लागला. १९६५ च्या कायद्याने देशावार वाटे मोडले, आणि आमच्या मुलासारख्यांची वाट तेथून सुरू झाली. आपण म्हणतो, मुले हुशार होती, शिकली, गेली. खरे आहे. पण ते दार आतून उघडायला कोणी तरी खटले हरले, कोणी भिंत कोरली, कोणी दुकान गमावले. हुशारी त्यांच्याजवळही होती.

या बेटाचा विचार करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकते. येथे जे जे केले गेले, ते संरक्षणासाठी. तोफा संरक्षणासाठी, क्वारंटीन संरक्षणासाठी, कोंडवाडा संरक्षणासाठी. देशाला कुंपण लागते, साथीला अटकाव लागतो, हे मी नाकारणार नाही. प्लेग खरा होता. पण ज्या शत्रूसाठी तोफा चढवल्या तो शंभर वर्षांत आला नाही. आणि जी माणसे खरोखर आली, वळकटी आणि पत्ता एवढेच घेऊन, त्यांनाच शत्रूसारखे वागवले गेले. तोफा केव्हाच उतरवल्या आहेत. लोक शनिवार-रविवारी रांग लावून पाहायला जातात, ते कैद्यांचे हस्ताक्षर.

हे परक्यांचे उणे काढण्यासाठी लिहीत नाही. रोजगाराला आलेल्या परमुलखीच्या माणसाला आपल्याही शहरांत काय काय ऐकावे लागते, ते आपण जाणतो. त्याला आपण गावच्या पायऱ्या विचारत नाही, पण विचारण्याचा सूर तोच असतो. ज्यांच्या घरची मुले आज परदेशी आहेत, आणि मराठी घरांत अशी आता थोडी नाहीत, त्यांनी तरी तो सूर ओळखावा.

काला बगाई खचल्या नाहीत. तीन मुलगे वाढवले, कायदा बदलल्यावर नागरिक झाल्या, आणि नव्याने येणाऱ्या हिंदी कुटुंबांचा आधार होऊन १९८३ साली वारल्या. ज्या बर्कलीत त्यांना स्वतःच्या घरात पाऊल टाकू दिले नव्हते, त्याच गावाने २०२० साली एका रस्त्याला त्यांचे नाव द्यायचे ठरवले. आता तेथे पाटी आहे. आमचा नातू त्या गावात मित्राकडे खेळायला जातो. पाटी त्याने अनेकदा वाचली होती. ती कोणाची, हे आता त्याला ठाऊक आहे.